भस्म आणि ‘कॅल्क्स’

हिंगणघाट येथील एका औषधनिर्मात्या स्नेह्याने मध्यंतरी आम्हांस विचारले, “वंगभस्माच्या वेष्टनावर ‘टिन ऑक्साइड’ असे छापले तर काय बिघडते? जुने रसायनज्ञ अशा भुकटीस ‘कॅल्क्स’ म्हणत, एवढाच फरक ना?” प्रश्न सरळ होता; उत्तर देण्यास मात्र शब्दाच्या मुळाशी जावे लागले.

‘कॅल्क्स’ हा लॅटिन शब्द, अर्थ चुना. वणीजवळच्या राजूर येथे भट्टीत चुनखडी भाजून चुना काढतात, तोच हा व्यवहार. धातू तापविल्यावरही तशीच भुकटी उरते, म्हणून युरोपात तिलाही तेच नाव मिळाले. गंमत अशी की, भट्टीत चुनखडीचे वजन घटते, धातूचे मात्र वाढते. १०० ग्रॅम कथिलापासून सुमारे १२७ ग्रॅम ऑक्साइड होते. लाव्हाझिएने १७७४ मध्ये कथील बंद पात्रात तापवून ही वाढ हवेमुळे होते हे दाखविले. पुढे १७८७ च्या नव्या परिभाषेत ‘ऑक्साइड’ शब्द रूढ झाला. (आमच्या शंखभस्मास ‘कॅल्क्स’ हे नाव खरोखरच शोभले असते!)

त्या जुन्या मतानुसार कॅल्क्स कोळशासह तापविली की धातू पुन्हा प्रकट होई. तीच तिची ओळख. आपली अपुनर्भव परीक्षा पाहा. भस्मात गूळ, मध, तूप, गुंजा व टंकण मिसळून तापवावयाचे. गूळ-मध जळून कोळसाच होतो, म्हणजे प्रयोग जवळजवळ तोच. पण आपण तो फसावा अशी अपेक्षा करतो. धातूचा एक कणही चमकला तर भस्म कच्चे. भस्म हे घटकाचे नव्हे, संस्काराचे व परीक्षेचे नाव आहे. सुवर्णभस्मात तर मुख्यत्वे धातुरूप सोनेच आढळते. त्यास ऑक्साइड कसे म्हणावे?

मात्र या परीक्षेने विषारीपणाचा निवाडा होत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. २००४ मध्ये बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा ‘आमचे भस्म अपुनर्भव आहे’ हे उत्तर पुरेसे नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल हवाच.

स्नेह्यास आम्ही विचारले, “गेल्या घाणीची अपुनर्भव परीक्षा कोणत्या दिवशी झाली?” त्यांनी नोंदवही उघडली. पुटांची संख्या होती, वजने होती. परीक्षेचा रकाना कोरा होता. वेष्टनाची छपाई तूर्त थांबली आहे.