बुद्धाच्या नावाने करार, बौद्धांच्या वाट्याला काय?

जपानचे शिष्टमंडळ महाराष्ट्रात आले की आमच्या राज्यकर्त्यांना हटकून बुद्ध आठवतो. व्यासपीठावर बुद्धमूर्ती येते, भाषणात अजिंठा येतो, 'दोन हजार वर्षांचे नाते' येते आणि मग करारावर सह्या होतात. पाहुणे विमानात बसले की बुद्धमूर्ती पुन्हा कपाटात! हे नाते खरे किती आणि सोयीचे किती, हे आता चळवळीनेच तपासले पाहिजे.

व्यापाराचे नाते जुने आहे. 1893 साली जमशेदजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे जहाजसेवा सुरू केली. ती मुख्यतः कापसासाठी होती. पुढे 1934 च्या भारत-जपान करारात तर हिशेबच ठरला. जपानने वर्षाला 15 लाख गाठी कापूस घेतला, तरच त्याला 40 कोटी वार कापड इथे विकता येईल. वऱ्हाड-खानदेशचा कापूस जपानला जात होता, मुंबईच्या गिरण्या जपानी कापडाशी झुंजत होत्या. पण त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई! कापसाला समुद्र ओलांडता आला, आमच्या माणसाला खाते ओलांडता आले नाही. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. व्यापार वाढला की सर्वांचे भले होते, असे सांगणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

आजही चित्र फार वेगळे नाही. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी आणि पर्यटनासाठी 1990 च्या दशकापासून जपानने पैसा दिला. पण ती देणगी नव्हे, कर्ज आहे. ते आपण सारे फेडतो. त्यातून उभी राहिलेली अभ्यागत केंद्रे पुढे वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडली. 2013 मध्ये महाराष्ट्र आणि जपानच्या वाकायामा प्रांतात सहकार्याचा करार झाला आणि 2015 मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण पुतळ्याच्या सावलीत प्रश्न विचारायचाच नाही, असे बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. या करारांतून किती बौद्ध तरुण जपानी भाषा शिकले? किती जण लेण्यांवर अधिकृत मार्गदर्शक झाले? सरकारने आकडे द्यावेत.

आता आपल्या घराकडे पाहू. जपानने आपल्याला माणसेही दिली. जपानमध्ये जन्मलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई नागपुरात आले, इथलेच झाले आणि महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी लढले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार 1999 मध्ये जपानी उपासिका नोरिको ओगावा यांच्या दानातून उभे राहिले. हे दान मोठेच आहे. पण परदेशी मूर्ती आली, मिरवणूक निघाली, फोटो छापून आले, एवढ्यावर आपण थांबतो. विहारांच्या ट्रस्टचे कागद आमच्या हाती येतात तेव्हा अनेकदा दिसते की वर्षानुवर्षे हिशेबतपासणी नाही, विश्वस्त बदलले तरी धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज नाही. मग भांडण कोर्टात जाते आणि विहाराला कुलूप लागते. याचा दोष मनुवाद्यांना कसा द्यायचा?

आमच्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत याचे उत्तर दगडावर कोरलेले आहे. 10 व्या क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख पाहा. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, 1000 वर पाऊण. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. 2000 चे वर्षाचे व्याज 240 होते, त्यातून 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख! हे दान निगमसभेत जाहीर केले आणि रीतसर नोंदवले. जवळच 17 व्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे दान कोरले आहे. परदेशी दाता, स्थानिक कारागीर, खुला हिशेब. बौद्ध संस्कृतीत व्यापार आणि धम्म असे हातात हात घालून चालत.

आणि एक गोष्ट. जपान म्हणजे केवळ बुलेट ट्रेन आणि पॅगोडा नव्हे. तिथेही बुराकुमिन नावाचा समाज शतकानुशतके अस्पृश्यतेचे चटके सोसत आला. 1871 मध्ये कायद्याने त्यांना मुक्त केले, पण भेदभाव राहिला. काही बौद्ध मंदिरांनी तर त्यांच्या मृतांना हीन नावे देऊन ती थडग्यांवर कोरली. 1922 मध्ये क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभारून स्वाभिमानाचा लढा पुकारला. अखेर 2016 मध्ये बुराकू भेदभावाविरुद्ध कायदा झाला, तोही शिक्षेच्या तरतुदीविना. बौद्ध देश म्हटला की समता आपोआप येते, या भ्रमात आपण राहू नये. जपानशी आपले खरे नाते या लढणाऱ्या माणसांशी आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. बुद्धाचे नाव घेऊन होणारा प्रत्येक करार मराठीत जाहीर करा. लेण्यांच्या पर्यटनात स्थानिक बौद्ध तरुणांना प्रशिक्षण आणि रोजगार द्या. आणि समाजबांधवांनो, आपल्या विहाराचा हिशेब येत्या पौर्णिमेला सर्वांसमोर वाचून दाखवा. उषवदाताने जे निगमसभेत केले, ते आपल्याला का जमू नये?