ऐरण गावात हवी, ठिणगी कडब्यात नको



दहा-बारा वर्षे मी गावोगाव सांगत फिरलो, "डवरणी वेळेवर करा." शेतकीच्या पुस्तकात तसेच शिकलो होतो. बोथट झालेली पास कोण पाजवणार, हे पुस्तकात नव्हते आणि मीही कधी विचारले नाही. काळ्या रानात पाऊस उघडला की वाफसा येतो आणि दोन-चार दिवसांत जातो. तेवढ्यात पास घेऊन तालुक्याला गेलो तर एक दिवस मोडतो. मग तण वाढते आणि निंदणीची मजुरी अंगावर येते.

पूर्वी हे काम गावचा लोहार बलुत्यावर करी. उन्हाळ्यात घिसाड्यांचे बिऱ्हाडही गावाशी उतरे. सुगीला चार पायल्या ज्वारी घालून आपण लोहाराकडून वर्षभर काम करून घेतले. आपल्या घामाला भाव नाही म्हणून आपण ओरडतो. त्याच्या घामाला आपण कोणता भाव दिला? त्याची पोरे शहरात गेली, यात नवल काय?

माझे म्हणणे एवढेच, की पाच-सहा घरांनी मिळून एक भट्टी घालावी. जवळपास जाणता लोहार असेल तर त्याला रोख मजुरी देऊन शिकावे. त्याचा धंदा मोडू नये.

नवी हत्यारे लागत नाहीत. मोडीच्या बाजारात घण, सांडशी, कानस, हाताने फिरवायचा भाता मिळतो. रुळाच्या तुकड्याची ऐरण चांगली होते, पण पावती असेल तरच घ्या. 1966 च्या कायद्याप्रमाणे चोरीचा संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर घेतला हे तुम्हालाच दाखवावे लागते. घणाचा दांडा सैल असेल तर आधी पाचर ठोका. छिन्नीचे डोके फुलून आले असेल तर कडा घासून काढा. त्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. घणावर घण कधी मारू नका. डोळ्याला चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बंद जोडे हवेत. टेरिलीनचा सदरा अंगालाच चिकटतो.

मोडीतले सगळेच लोखंड भट्टीत घालायचे नसते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा तापवला तर त्याच्या धुराने ताप भरतो. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी फुटते. पास करायला ट्रकचा जुना कमानपाटा घ्या. साधी सळई पाणी धरत नाही. तापलेल्या पात्याला चुंबक लागेनासा झाला, की थोडे आणखी तापवून तेलात बुडवा. मग घासून चकचकीत करा आणि जांभळा-निळा रंग चढेपर्यंत हळू तापवा. म्हणजे पास दगडावर आपटून तुटणार नाही. तेलाचा डबा लोखंडी आणि झाकणाचा असावा. तेल पेटले तर झाकण टाका, पाणी नको.

आता माझी चूक सांगतो. माझ्या सल्ल्यावरून एका शेतकऱ्याने गोठ्याला लागून भट्टी घातली. वारा फिरला आणि ठिणगी गंजीवर गेली. बैल सोडवले, पण वर्षाचा कडबा जळाला. भट्टी कशी घालायची ते मी सांगितले होते. कुठे घालायची ते सांगितलेच नव्हते.

म्हणून ऐका. भावाची वाट पाहत आपला कापूस घरात पडून असतो, अंगणात पऱ्हाटीचा ढीग, मागे कुटार. भट्टी या सगळ्यापासून लांब, उघड्या छपराखाली घाला. छपराला पत्रा हवा, खाली माती हवी. बंद खोलीत कोळशाचा न दिसणारा वायू माणूस मारतो. जवळ पाण्याची टाकी आणि वाळूची बादली ठेवा. काम संपल्यावर निखारे विझवून अर्धा तास तिथेच बसा. काळे पडलेले लोखंडही कातडी सोलते, म्हणून पोरांना लांब ठेवा. भाजलेच तर वीस मिनिटे थंड पाणी ओता. हळद, शाई लावू नका. जखम मोठी असेल तर दवाखाना गाठा.

जुन्या हत्यारांवर भट्टी उभी राहते. पण जागा ठरवल्याशिवाय भाता विकत घेऊ नका. आपल्या गावात अशी जागा कुठे आहे, ते बघूनच पुढच्या बैठकीला या.