‘डल्सिनिआ’ : पाणी आहे, तहान नाही

‘द एक्स्पान्स’ ही मालिका बघितलेल्या लोकांच्या दोन टोळ्या आहेत. पहिली टोळी म्हणते, “टीव्हीवरची सगळ्यात खरी वाटणारी सायन्स फिक्शन.” दुसरी म्हणते, “पहिला भाग लावला, झोप लागली, सोडून दिली.” माझ्या मते दोघांनीही पहिला सीझन उघडणारा तो भाग, म्हणजे ‘डल्सिनिआ’, नीट बघितलेला नाही. भाग चांगलाच आहे. पण ज्या गोष्टीसाठी त्याचं एवढं कौतुक होतं, नेमका तिथेच तो कच्चा आहे. आणि हे आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला जरा लवकर कळतं. का, ते सांगतो.

(पुढे कथा फुटणार आहे. भाग डिसेंबर २०१५ चा आहे, तेव्हा तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. :-) )

थोडक्यात कथा अशी. तेविसावं शतक. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांची सत्ता, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी बाण्याचा, आणि या दोघांसाठी लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे ‘बेल्टर’ लोक. पट्ट्यातलं मोठं बंदर म्हणजे सेरेस. तिथलं पाणी संपलंय. म्हणून ‘कँटरबरी’ नावाचं खटारा जहाज शनीच्या कड्यांमधून बर्फ आणतं. भागाच्या शेवटी हे जहाज कोणीतरी उडवतं.

आधी जमेची बाजू.

एक. नायक राजपुत्र नाही, त्याच्या अंगात दैवी शक्ती नाही. तो एका टँकरवर नोकरी करतो. काय राव, किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे ही! आपल्याकडे १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आली, मिलिंद सोमण अंतराळात गुन्हेगार पकडायचा. मजा होती, नाही म्हणत नाही. पण त्यातल्या कोणाला पाणी कुठून येतं हा प्रश्न कधी पडल्याचं मला आठवत नाही. इथे सगळं राजकारणच पाण्यावर उभं आहे.

दोन. गुरुत्वाकर्षण इथे नुसतं शोभेला नाही. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टर कैद्याला पृथ्वीवर आणून फक्त टांगून ठेवतात. बाकी छळ पृथ्वीच करते. जहाजाला वेग कमी करायचा तर ते उलटं फिरून इंजिन पेटवतं. ब्रेक दाबला आणि थांबलं असं होत नाही. बारावीचं फिजिक्स एवढं अंगावर येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चार मार्क जास्त पडले असते.

तीन, आणि हे सगळ्यात भारी. मिलर नावाचा पोलिस हवेच्या फिल्टरमध्ये काटकसर करणाऱ्या एका माणसाकडून लाच घेऊन त्याला सोडतो. मग वस्तीत खोकणारी पोरं बघतो. मग परत जाऊन त्याच माणसाला एअरलॉकमध्ये कोंडून त्याची हवा काढतो. निकृष्ट माल, चिरीमिरी, आणि त्याची किंमत मोजणारी पोरं. हे समजायला सबटायटल लागत नाहीत.

आता खर्चाची बाजू.

फुटकळ तक्रारी आधी. तीन ठिकाणच्या तीन कथा आणि डझनभर नावं एका भागात कोंबली आहेत. टोपीवाला, दारू पिणारा, थकलेला डिटेक्टिव्ह तर आपण शंभर वेळा बघितलाय. आणि ‘सगळ्यात वैज्ञानिक’ म्हणणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. मालिकेत सेरेसला गरगरा फिरवून आत पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश गुरुत्वाकर्षण निर्माण केलंय. खऱ्या सेरेसचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गोळ्याला धरून ठेवणाऱ्या ताकदीच्या दहापट ताकदीने तो बाहेर फेकला जाणार. दगडमातीचा गोळा आहे तो, स्टीलचा ड्रम नव्हे. उखडून जाईल.

पण हे सगळं माफ. खरी तक्रार वेगळीच आहे.

हवेसाठी या भागाने खोकणारं पोर दाखवलं. पाण्यासाठी काय दाखवलं? एका पुढाऱ्याचं भाषण, की एकेकाळी सेरेस बर्फाने भरलेला होता आणि पृथ्वी-मंगळाने तो लुटून नेला. म्हणजे टंचाई निसर्गाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण ते भाषण आहे. रिकामा हंडा घेतलेली एक बाई, रांगेत नंबर लावून उभं एक पोरगं, असं एकही माणूस भाग संपल्यावर लक्षात राहत नाही. म्हणून ‘कँटरबरी’ फुटतं तेव्हा आपल्याला जहाजावरच्या लोकांचं वाईट वाटतं, जहाजातल्या पाण्याचं काहीच वाटत नाही. टँकर उलटला, ड्रायव्हर गेला, वाईट झालं. पण गावात आज रात्री काय?

आता शेजारच्या लातूरचं बघा. मांजरा धरण कोरडं पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. आकडा केवढा वाटतो! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. करा भागाकार. माणशी सव्वा लिटर आणि वर एक घोट. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, तरी माणशी साडेसहा लिटर. बातम्यांचे कॅमेरे मात्र इंजिनाकडे. कारण गाडी दिसायला भव्य, आणि रिकामी घागर कुठे भव्य दिसते?

‘डल्सिनिआ’ची चूक हीच आहे. कॅमेरा इंजिनाकडे.

यावर पहिल्या टोळीचं ठरलेलं उत्तर येतं, “अरे, पुढच्या भागांत येतं की ते सगळं!” येतं, मान्य. मग पहिला भाग कशासाठी असतो? स्फोट दाखवायला? स्फोट कोणीही दाखवेल. पहिल्या भागाचं काम एकच, कोणाचं काय जाणार आहे ते आपल्या घशाला जाणवून देणं. हवेच्या बाबतीत त्यांना हे करता आलं, म्हणजे जमत नव्हतं असं नाही. तहान ही त्यांना पार्श्वभूमी वाटली, गोष्ट वाटली नाही.

दुसऱ्या टोळीला मात्र मी सांगेन की ‘आपल्याशी काय संबंध’ म्हणून ही मालिका सोडू नका. आपल्याशीच संबंध आहे. नळदुर्गात १६१३ साली नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधणारा आपला जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यात आज उन्हाळा लागला की टँकरच्या खेपा मोजतात. ही गोष्ट लिहायला शनीपर्यंत जायची गरज नाही. ज्या मराठी लेखक-दिग्दर्शकाला सायन्स फिक्शन करायची आहे, त्याने स्पेसशिपच्या बजेटसाठी रडत बसू नये. एक टँकर, एक रांग आणि वर कोण पाणी अडवतोय हे सांगायची हिंमत, एवढं पुरे.

पटत नसेल तर जरूर भांडा. फक्त त्याआधी एक दिवस घरचा नळ सकाळपासून बंद ठेवा आणि रात्री तो भाग पुन्हा लावा.