तोफ चांगली होती, पण हिशेब?

बोफोर्सचा विषय निघाला की ठरलेले उत्तर मिळते: तोफ चांगली होती, १९९९ साली कारगिलमध्ये कामी आली. खरे आहे. पण प्रश्न तोफेचा नव्हताच, दलालीचा होता. १९८६ साली ४१० तोफांचा १४३७ कोटींचा करार झाला. लाचेची बातमी १९८७ साली स्वीडनच्या रेडिओने दिली. खटले वर्षानुवर्षे रेंगाळले. शिक्षा एकालाही झाली नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील राजापूर मतदारसंघाने मधु दंडवते यांना सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले, ते सरकारला जाब विचारण्यासाठीच. खासदाराला उत्तर नाकारणे म्हणजे त्याच्या मतदाराचे मत मातीमोल करणे. शत्रूला तोफेची गुपिते कळू नयेत, हे समजू शकते. जनतेला दलालाचे नाव कळू नये, यात संरक्षण कोणाचे?