आज्ञावलीची विद्या कोणासाठी?

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी एक हिशेब मांडला होता. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यावर पोसलेले उच्च शिक्षण वरच्या वर्गांच्या पदरात पडते. तालुक्याच्या महाविद्यालयात आज संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण कसे दिले जाते हे पाहिले, म्हणजे तो हिशेब अजून चुकता झालेला नाही, हे ध्यानात येते.

एकाच आवारात दोन महाविद्यालये नांदत आहेत. इतिहास, रसायनशास्त्र हे जुने विषय अनुदानावर चालतात. संगणकशास्त्राची पदवी मात्र अनेक ठिकाणी विनाअनुदानित. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. पुढे तीच रीत साध्या विज्ञान महाविद्यालयांत शिरली. शिक्षकाचे मानधन विद्यार्थ्याच्या शुल्कातून काढायचे, म्हणून शुल्क जड आणि शिक्षक तात्पुरता. शेतमजुराची मुलगी अनुदानित वर्गापर्यंत पोचते आणि शेजारच्या प्रयोगशाळेच्या दाराशी थबकते.

जे आत जातात त्यांच्या वाट्याला तरी काय येते? ठरावीक आज्ञावली वहीत उतरवायच्या, पाठ करायच्या आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ओतायच्या. वास्तविक ही विद्या चुकतमाकत यायची. लिहावे, यंत्राने नाकारावे, चूक शोधावी, पुन्हा लिहावे. त्यासाठी यंत्रापुढे वेळ हवा आणि पाठीशी शिक्षक हवा.

शासन म्हणते, पैसा नाही. परंतु लिनक्स आणि पायथॉन यांना परवाना-शुल्क नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने असे पाठ भारतीय भाषांतून, मराठीतूनही, विनामूल्य दिले आहेत. केरळने तर सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलींवरच उभे केले. म्हणजे साधने फुकट आहेत. खर्च आहे तो मुख्यतः शिक्षकाचा. आणि नेमकी तीच जबाबदारी शासन झटकते!

आता यंत्रेच आज्ञावली लिहू लागली, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. शिधापत्रिकेवरचे नाव यंत्राने वगळले, तर तो नियम यंत्रात कोणीतरी माणसाने घातला आहे, हे ओळखून जाब विचारणारे नागरिक लोकशाहीला नकोत काय?

एके काळी विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला विरोध केला. रोजगाराची ती धास्ती निराधार नव्हती. परंतु ही विद्या कामगाराच्या मुलांना मिळालीच पाहिजे, ही मागणी आपण तेवढ्या जोराने केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

ती आता करावी. संगणकशास्त्राला अनुदान, पूर्णवेळ शिक्षक, मराठीतून अध्यापन, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सायंकाळी खुली प्रयोगशाळा, या चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या प्राचार्यांना भेटावे, विद्यापीठाला निवेदने द्यावीत. रयतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आवारात रयतेच्या मुलाला बंद असलेले दार आपण किती दिवस सहन करणार?