मोजता कशाला? वाचा की!

काल एका ओळखीच्या सरांनी मोबाईल दाखवला. 'पैसे भरा, आठवड्यात शोधनिबंध छापून घ्या.' असे मेसेज म्हणे रोजच येतात.

येणारच! यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा, इतिहासासारख्या विषयांत एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या ग्रंथालाही १०च! मग दहा वर्षं दप्तरं चाळून ग्रंथ कोण लिहील?

उपाय काय, तर याद्या. २०१८ मध्ये यूजीसीनेच चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढली. मग 'केअर' यादी आणली. २०२५ मध्ये तीही गुंडाळली. याद्या बदलल्या, मोजणी तीच.

वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने कागद जमवायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यातूनच उभे राहिले. आज ते छाननीला नेले तर पहिला प्रश्न येईल, प्रकाशक 'राष्ट्रीय' आहे का?

माझं म्हणणं साधं आहे. उमेदवाराने आपलं सर्वांत चांगलं एकच काम द्यावं. समितीने ते वाचावं, लेखी मत द्यावं आणि ते जाहीर करावं. वशिला चालेल म्हणता? आता काय चालतंय? निदान कुणी काय लिहिलं, ते तरी दिसेल.

गुणांची बेरीज कारकूनही करतो. तज्ज्ञ वाचण्यासाठी बोलावतात ना?