बॉम्बसाठी ‘वर्णभेद’, जातीसाठी ‘अंतर्गत बाब’

१९९८ साली पोखरणच्या स्फोटांनंतर जसवंत सिंह यांनी ‘फॉरेन अफेअर्स’ या अमेरिकी नियतकालिकात एक लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी ‘न्यूक्लिअर अपार्थाइड’ हा शब्द वापरला. मोजक्या देशांनी अणुशक्ती स्वतःकडे ठेवायची आणि भारताला दाराबाहेर उभे करायचे, हा वर्णभेद आहे, अशी त्यांची तक्रार होती. २००१ मध्ये डर्बनला वंशवादाविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटना तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेल्या. जसवंत सिंह तेव्हा परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांच्याच सरकारने सांगितले की जात म्हणजे वंश नव्हे, ही आमची अंतर्गत बाब आहे. काळ्या माणसांच्या लढ्यातला शब्द बॉम्बसाठी चालतो, वेशीबाहेरच्या माणसासाठी चालत नाही!

हे आज काढण्याचे कारण आहे. संवेदनशील तंत्रज्ञान कोणी कोणाला विकायचे, हे ठरवणारे देशांचे गट आहेत. त्यातला अणुपुरवठादार गट तर १९७४ च्या पहिल्या पोखरण चाचणीनंतर, भारताकडे बोट दाखवूनच उभा राहिला. १९९६ पासून वासेनार करार आहे, शीतयुद्धातल्या ‘कोकॉम’ या पाश्चात्त्य गटाचा वारस. शस्त्रे आणि लष्करी-नागरी दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तूंच्या याद्या तो ठेवतो. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र गटात, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनारमध्ये आणि जानेवारी २०१८ मध्ये रसायनांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात शिरला. दिल्लीत पेढे वाटले गेले. आत गेल्यावर वर्णभेदाची तक्रार थंडावली.

आता आमच्या अभ्यास वर्गांत काही तरुण म्हणतात, या याद्या म्हणजे जागतिक मनुस्मृती. विद्या कोणालाही नाकारू नये. यात अर्धे सत्य आहे. श्रीमंत देश याद्यांचा वापर आपला धंदा आणि वरचष्मा राखण्यासाठी करतात, हे आम्हीही मानतो. पण प्रत्येक वस्तू ही विद्या नसते. दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून शिरणारे सॉफ्टवेअर ही कोणती विद्या? ते मागणारा एकलव्य नाही, ते मागते सरकारी यंत्रणा. अंगठा जातो तो कार्यकर्त्याचा.

वासेनारच्या यादीत अशी घुसखोरीची सॉफ्टवेअर आणि इंटरनेटवर पाळत ठेवणारी यंत्रे २०१३ मध्ये आली. तरीही २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केले की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगॅसस सॉफ्टवेअरने जगभरातले सुमारे १४०० जण लक्ष्य झाले. भारतातल्या नावांमध्ये भीमा कोरेगाव खटल्यातल्या आरोपींचे वकील होते, छत्तीसगडमधले दलित कार्यकर्ते होते, डॉ. आनंद तेलतुंबडे होते. तेलतुंबडेंना १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, अटक झाली. ते जामिनावर बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. तारखा कोणी मुद्दाम निवडल्या नसतील, पण आपल्या माणसाला त्या विसरता येत नाहीत.

एनएसओ म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. प्रत्येक विक्रीला इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. म्हणजे निर्यात नियंत्रण होतेच! इस्रायल वासेनारचा सदस्य नाही, पण त्या याद्या पाळतो असे सांगतो. २०१७ च्या संरक्षण व्यवहारात भारताने पेगॅसस घेतल्याची बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०२२ मध्ये दिली. सरकारने खरेदीबद्दल हो किंवा नाही असे सरळ उत्तर दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला २९ पैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही हे सरन्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात सांगितले.

खरी मेख इथे आहे. परवाना देणारा विचारतो की हा माल शत्रूच्या हाती तर जाणार नाही? विकत घेणारे सरकार तो आपल्याच नागरिकांवर वापरेल का, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. आमची ‘स्कोमेट’ यादी परराष्ट्र व्यापार महासंचालनालय चालवते. तीही देशाबाहेर जाणाऱ्या मालाची आहे. आत काय येते ते पाहणारे कोणी नाही. २०२४ पर्यंत पाळतीसाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे. दोन्हींत पाळतीची परवानगी अधिकारीच अधिकाऱ्याला देणार, न्यायाधीश मध्ये नाही.

याद्यांनी सगळे सुटेल असा आमचा भ्रम नाही. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये कागदपत्रे बाहेरून घुसवली गेली, असे अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले (एनआयएला ते मान्य नाही). त्यासाठी वापरलेले ‘नेटवायर’ हे इंटरनेटवर उघड विकले जाणारे स्वस्त सॉफ्टवेअर होते. ते बंद पडले मार्च २०२३ मध्ये, अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून संकेतस्थळ जप्त केले आणि क्रोएशियात एकाला अटक झाली तेव्हा. सहकार्य हवे तेव्हा होते.

कागदावरचा प्रश्नही बदलता येतो. युरोपीय संघाने २०२१ च्या नियमात पाळतीची साधने विकताना अंतर्गत दडपशाहीचा धोका तपासण्याची अट घातली. त्याच वर्षी अमेरिकेने एनएसओला काळ्या यादीत टाकले. मार्च २०२३ मध्ये वीसहून अधिक देशांनी निर्यात नियंत्रण आणि मानवाधिकार यांची सांगड घालणारी आचारसंहिता मान्य केली. त्यात भारत नव्हता. हे देश धुतल्या तांदळासारखे आहेत असे नाही, असली साधने विकणारी ‘हॅकिंग टीम’ इटलीचीच होती. पण त्यांनी निदान नियम लिहिला, आणि नियम लिहिला की तो मोडल्याचा जाब विचारता येतो.

वासेनारमध्ये निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे भारताच्या एका मताला तिथे वजन आहे, आणि ते मत आपल्याही नावाने दिले जाते. शिष्यवृत्ती आणि अत्याचाराच्या केसेस सोडून हे कुठे काढता, असे काही जण विचारतील. अत्याचाराची केस लढणाऱ्या वकिलाचाच फोन उघडा असेल, तर साक्षीदाराचे नाव आरोपीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल?

लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ राखीव जागांवरून खासदार जातात. त्यांच्याकडून दोन प्रश्न लेखी विचारून घ्यायचे आहेत: परदेशी पाळत सॉफ्टवेअरच्या खरेदीत अंतिम वापरकर्ता म्हणून कोणत्या यंत्रणेने सही केली, आणि वासेनारच्या बैठकीत मानवाधिकाराच्या अटीवर भारताने काय भूमिका घेतली. आपापल्या जिल्ह्यातून पत्रे अधिवेशनापूर्वी गेली पाहिजेत.